संघाबाहेरची

उत्तराला शाळेतून काढलं तेव्हा अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळींना पुढच्या कित्येक पॉटलक जेवणांना पुरेल एवढा विषय मिळाला. डॉक्टर-इंजिनियरांच्या त्या घोळक्यात मुलांना कुठल्या कॉलेजात घालायचं यावर वाद व्हायचे. मुलीला शाळेतच घालायचं नाही, ही गोष्ट कुणाच्या पचनी पडेना. "वसुधा पुण्यात गणित शिकवायची ना, त्यामुळे तिला वाटतं आपण सगळंच शिकवू शकतो," असं त्यांच्यातली रेखा म्हणाल्याचं उत्तराच्या आईच्या, वसुधाच्या, कानावर आलं. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. रेखाच्या मुली शाळेत बोलत होत्या.

उत्तरा बोलत नव्हती. घरी चांगली घडाघडा बोलायची, बापाची चेष्टा करायची, पण शाळेचं दार आलं की तिचं तोंड मिटायचं ते परत बसमधून उतरेपर्यंत. टेंबे कुटुंब राहायचं हॅरिस क्रॉसिंगला. डब्लिनपासून अर्ध्या तासावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत वसलेलं लहानसं गाव. उत्तराच्या वडिलांना, गुरुदत्तला, ते पाहताक्षणी आवडलं होतं. तो काम करायचा ती लॅब जवळ, घरामागे मोकळं रान, शेजारी हात हलवणारी माणसं. त्या गावच्या शाळेत उत्तरासारखी दिसणारी दुसरी मुलगी नव्हती, पण सहावीपर्यंत त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सातवीत एकदा वर्गात मोठ्याने वाचताना तिने एक शब्द घरात आई-बाबा म्हणतात तसा म्हटला. वर्ग हसला, बाईही हसल्या. शेजारच्या एका मुलीकडून वसुधाला एवढंच कळलं. त्याआधी काही घडत होतं का, नंतर काही घडलं का, ते उत्तराने कधी सांगितलं नाही.

शाळेने आपल्या परीने सगळं केलं. स्पीच थेरपिस्ट लावली, चाचण्या घेतल्या, आणि शेवटी तिला स्पेशल क्लासमध्ये बसवलं. घरी बीजगणित सोडवणारी पोर तिथे रंगीत चित्रांच्या जोड्या लावत बसायची. तिला रोज सकाळी उलट्या व्हायला लागल्या तेव्हा वसुधाने गुरुदत्तला सांगितलं, "अहो, पुरे झालं. मी शिकवते हिला."

त्या काळी तिथे मुलाला घरी शिकवायचं तर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या शाळांच्या, सुपरिंटेंडेंटची परवानगी लागायची, आणि ती दर वर्षी नव्याने. मिस्टर हॉलवे म्हणून एक किडकिडीत, अतिशय सभ्य गृहस्थ त्या जागेवर होते. त्यांनी वसुधाची पुण्याची सर्टिफिकिटं उलटसुलट करून पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मिसेस टेंबे, मी हे मुलीकडे बघून करतोय. हा पायंडा समजू नका." वसुधाने त्यांचे मनापासून आभार मानले. उपकार केल्यासारखी मिळालेली परवानगी तशीच काढूनही घेता येते, हा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवला नाही.

दोन-तीन वर्षं बरी गेली. सकाळी गणित, मग इतिहास, दुपारी लायब्ररी. उलट्या थांबल्या. पण घराबाहेरच्या कुणाशीही उत्तरा बोलेना. दुकानात कॅशियरने नुसतं 'हाय' म्हटलं तरी आईच्या मागे सरायची, आणि आता तर ती आईपेक्षा उंच झाली होती. रात्री गुरुदत्त छताकडे बघत पडायचा. "ही मोठी होऊन करणार काय, वसू?" असं त्याने एकदाच विचारलं.

धावणं तिने स्वतःच सुरू केलं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एके दिवशी अभ्यास संपला, तशी ती उठली, कॅनव्हासचे बूट घातले आणि धान्याच्या कोठारांकडे जाणाऱ्या रस्त्याने निघून गेली. परत आली ती घामाने निथळत, चेहरा लाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वसुधा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मका तेव्हा डोक्याएवढा वाढला होता; मुलगी त्या हिरव्या भिंतींमधून लहान होत होत दिसेनाशी व्हायची आणि ती परत दिसेपर्यंत वसुधा खिडकीपासून हलायची नाही. पण पळताना तिचे खांदे सैल पडायचे. एरवी ते सदा कानांपाशी असत.

हायस्कूलच्या मुली त्याच रस्त्याने सरावाला यायच्या. क्रॉस कंट्री म्हणजे मैदानाच्या गोल ट्रॅकवर नाही, तर शेतातून, टेकाडांवरून, चिखलातून लांब पल्ल्याची शर्यत. शाळेचा मुलींचा संघ लहानसाच होता. उत्तरा आधी त्यांना पाहून वळून परत यायची. मग त्यांच्या बरीच मागून पळू लागली. एक दिवस वसुधाने पाहिलं, ती त्यांच्यात होती.

त्याच आठवड्यात दारावर टकटक झाली. बाहेर धुळीने माखलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली, पन्नाशीला आलेली एक बाई उभी होती.

"मी डोना केसलर, शाळेची कोच. ती लांब वेणीवाली तुमची मुलगी ना?"

"हो. तिने काही केलं का?"

"काही केलं म्हणजे," केसलर हसली, "जिल सोडली तर माझी एकही मुलगी तिला गाठू शकत नाही. आणि जिल या भागात पहिल्या तिघींत येते. तुमची मुलगी आमच्याबरोबर पळली तर चालेल का, एवढंच विचारायला आले."

"ती बोलत नाही," वसुधा म्हणाली. हे सांगून टाकलेलं बरं, असं तिला वाटलं.

केसलरने भुवया उंचावल्या. "माझ्याशी फारसं नाही बोलत. पण काल जिलला सांगत होती की तिचा डावा हात छातीसमोरून आडवा जातो, त्याने दम वाया जातो. आणि तिचं बरोबर आहे."

कोच गेल्यावर वसुधा खुर्चीवर टेकली आणि पदर नव्हता तरी पदराने डोळे पुसावेत तसा हात चेहऱ्याकडे गेला. 

तो उन्हाळा टेंब्यांच्या घरात सणासारखा होता. संध्याकाळी सराव संपला की मुली टेंब्यांच्या मागच्या अंगणात नळाला तोंड लावून पाणी प्यायच्या. वसुधा लिंबाचं सरबत करून न्यायची. संघाची म्होरकी जिल, भुऱ्या केसांची, हाडापेराने मोठी, शेतकऱ्याची मुलगी होती. तिने उत्तराचं नाव 'युटा' करून टाकलं होतं. त्या हाकेला उत्तरा 'काय' म्हणून ओरडून उत्तर द्यायची, इंग्रजीत, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी. गुरुदत्त हे ऐकायला मुद्दाम लॅबमधून लवकर निघायचा आणि गॅरेजमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं उभा राहायचा.

ऑगस्टच्या शेवटी शाळेचा संघ जाहीर व्हायचा होता. केसलरने उत्तराचं नाव दिलं आणि ते परत आलं. जी मुलगी शाळेच्या पटावर नाही ती शाळेच्या संघात पळू शकत नाही. राज्याच्या क्रीडा संघटनेचा तसा नियम होता. केसलर तणतणली, हॉलवेंकडे जाऊन आली, आणि मग तिनेच सुचवलं की टेंब्यांनी स्कूल बोर्डासमोर येऊन विनंती करावी.

गुरुदत्तने त्यासाठी सूट घातला. लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये बोर्डाची माणसं लांब टेबलामागे बसली होती. गावातलेच लोक, कुणी ट्रॅक्टर विकणारा, कुणी दातांचा डॉक्टर. गुरुदत्तने शांतपणे सांगितलं की आम्ही या गावचे रहिवासी आहोत, शाळेसाठीचा टॅक्स सगळ्यांसारखाच भरतो, आणि मुलगी शाळेकडे दुसरं काहीच मागत नाही. वर्ग नको, पुस्तकं नकोत. फक्त संघाबरोबर पळू द्या.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका प्रौढ बाईने पेन खाली ठेवलं. "मिस्टर टेंबे, शाळा म्हणजे काही तुमच्या आवडीचं तेवढं उचलायची जागा नाही. जेवण नको, पण शेवटचं गोड तेवढं वाढा, असं झालं हे. आमची मुलं रोज सकाळी बसमध्ये बसतात, नापास झाली तर त्यांना खेळू देत नाही आम्ही. तुमच्या मुलीचे मार्क कोण देतं? तिची आईच ना?"

"तुम्ही तिची परीक्षा घ्या," वसुधा बसल्या जागेवरून म्हणाली. "कुठलीही."

"प्रश्न हुशारीचा नाही हो," ती बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं आणखीच कठीण झालं. "उद्या चर्चच्या खाजगी शाळेतली मुलं फुटबॉलला येतील. मग आमच्या मुलांनी बाकावर बसायचं का? तुम्ही तिला आमच्यातून काढून नेलंत. तो तुमचा हक्क होता. पण गेलात ते गेलात."

दाताच्या डॉक्टरने विचारलं, "मग सरळ नाव का घालत नाही शाळेत? प्रश्नच मिटला."

नाव घालायचं तर काय होईल ते हॉलवेंनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरचा अभ्यास धरला जाणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्याहून लहान मुलांत बसवतील, आणि जुन्या नोंदींप्रमाणे स्पेशल क्लासपासून सुरुवात होईल. पण हे त्या हॉलमध्ये, शेजारीपाजारी ऐकत असताना सांगणं वसुधाच्या जिवावर आलं. बोर्डाने हात वर करून विनंती नामंजूर केली आणि विषय संपला. निघताना हॉलवे जिन्यापाशी गाठून म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर गाजावाजा केला नसता. आतापर्यंत तुमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं."

पुढच्या रविवारी रेखा आणि तिचा नवरा श्रीरंग जेवायला आले. श्रीरंग डब्लिनला हार्टचा डॉक्टर, आठ-दहा वर्षं आधी आलेला, त्यामुळे सगळ्यांचा आपोआप मोठा भाऊ झालेला. त्याने आमटीची वाटी तोंडाला लावून संपवली आणि म्हणाला, "वहिनी, माझं ऐका. हे इथेच ड्रॉप करा. माझ्या ओळखीच्या लॉयरशी मी बोललोय. केस करता येईल, पण वर्षानुवर्षं चालेल, आणि तोवर ते तुमच्यावरच उलटतील, की मुलीला शाळेपासून दूर ठेवलंय. गुरुदत्तचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय. नसती भानगड कशाला?"

"केस कोण करतंय, भावजी," वसुधा म्हणाली. "पळायला मागतोय आम्ही."

"ती पळतेच आहे की. रस्ता कुणाच्या मालकीचा नाही."

उत्तरा तिथेच बसून ताटातला भात बोटाने एका कडेला लोटत होती. "काका, इट्स नॉट द सेम," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

खरंच तसंच चाललं काही आठवडे. मुली स्पर्धांना बसमधून जायच्या, उत्तरा घरी राहायची, आणि सोमवारी पुन्हा सगळ्या मिळून कोठारांच्या रस्त्याने पळायच्या. केसलरने सराव बंद केला नाही. संघात घेऊ नका म्हणालेत, रस्त्यावर पळू देऊ नका असं कुणी म्हणालं नाही, असं ती म्हणायची. संघ त्या वर्षी कधी नव्हे तो जिंकत होता. जिलला पळण्यावर स्कॉलरशिप देणाऱ्या एका युनिव्हर्सिटीच्या कोचचा फोन आला होता. राज्य पातळीवर ती कशी पळते ते बघायला तो स्वतः येणार होता. जिलच्या घरातून आजवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे सगळं वसुधाला उत्तराकडूनच कळायचं, पोळ्या लाटताना, एकामागून एक. मुलीच्या तोंडून गावातल्या इतक्या माणसांची नावं ऐकण्याचीच तिला अपूर्वाई होती.

ऑक्टोबरमध्ये आसपासच्या शाळांच्या लीगची शेवटची स्पर्धा हॅरिस क्रॉसिंगलाच होती. आदल्या दिवशी केसलर आली. या वेळी ती बसली नाही.

"एक विचार आहे. उत्तराने पळावं. साधा शर्ट घालून, नंबर न लावता. तिचा क्रमांक कुणी मोजणार नाही. समोरच्या संघाच्या कोचला मी विचारलंय, तो म्हणाला त्याची हरकत नाही. गावात घरच्या मातीवर एकदा तरी तिला खरी शर्यत मिळू दे."

गुरुदत्त सोफ्याच्या हातावर टेकून उभा होता. "बोर्डाने नाही म्हटलंय, मिसेस केसलर."

"संघात नाही म्हटलंय. ती संघात नसेलच."

गुरुदत्तने वसुधाकडे पाहिलं. त्याला हे पसंत नव्हतं हे वसुधाला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "आई, प्लीज. जस्ट वन्स." उत्तरा कठड्याला धरून उभी होती. सातवीपासून या मुलीने आईबापांकडे कशासाठी हट्ट केला नव्हता. मिळेल ते घालत होती, वाढतील ते खात होती. नाही म्हणायला वसुधाची जीभ रेटली नाही.

"पळू दे तिला," ती मराठीत नवऱ्याला म्हणाली. "एकदाच."

तो केसलरला पोचवायला दारापर्यंत गेला, आणि ते हो समजलं गेलं.

दिवस ढगाळ, गार होता. मका कापून झाल्यामुळे रान एकदम उघडं पडलं होतं. शाळेमागच्या कुरणाभोवती दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांच्या बाहेर पालक घोंगड्या पांघरून कॉफी पीत उभे होते. उत्तरा गुरुदत्तचा पांढरा टी-शर्ट घालून ओळीच्या अगदी टोकाला उभी राहिली. बाकी सगळ्यांच्या छातीवर नंबर होते. पिस्तूल उडालं आणि मुलींचा तो रंगीत पुंजका टेकाडाकडे सरकला.

शर्यतीतलं वसुधाला फार कळत नव्हतं. एवढं दिसलं की टेकाडाच्या पलीकडून पहिल्या दोघी बाहेर आल्या त्या जिल आणि उत्तरा. जिलचा चेहरा पिळवटला होता. उत्तरा अर्धं पाऊल पुढे राहून तिला आपल्यामागे ओढून नेत असल्यासारखी पळत होती आणि मान वळवून काहीतरी सांगत होती. बोलत होती. सगळ्या गावासमोर, पळता पळता, तिच्याशी बोलत होती. मग शेवटच्या सरळ पट्ट्यात उत्तरा बाजूला झाली, जिलला पुढे जाऊ दिलं आणि रेषेच्या अलीकडेच दोरीखालून वाकून बाहेर पडली, कारण रेषा ओलांडायची नाही असं केसलरने सांगितलं होतं. जिल पहिली आली. संघ जिंकला, आणि पुढच्या फेरीत गेला. मुलींनी उत्तराला उचललं. गुरुदत्तने टाळ्या वाजवल्या नाहीत. पँटच्या खिशात हात घालून तो उभा होता, आणि मुलीवरून नजर हलवत नव्हता.

तक्रार समोरच्या संघातल्या एका मुलीच्या वडिलांनी केली. त्यांची मुलगी जिलच्या मागे दुसरी आली होती. शाळेबाहेरच्या मुलीने जिलला शर्यतभर साथ देऊन ओढत नेलं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. चौकशी सुरू झाली तशी पुढची गोष्ट बाहेर आली, की ही मुलगी उन्हाळ्यापासून रोज संघाबरोबर सराव करत होती. नियमात सराव आणि स्पर्धा असा फरक नव्हता. पटावर नसलेल्या खेळाडूला बरोबर घेतलं तर त्या काळातले सगळे निकाल रद्द. बोर्डाच्या इतिवृत्तात टेंब्यांची विनंती आणि नकार दोन्ही लिहिलेली होती, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायलाही शाळेला जागा उरली नाही.

संघाचा सगळा सीझन पुसला गेला. जिलचं राज्य पातळीवर जाणं रद्द झालं. केसलरला कोचच्या जागेवरून काढलं. शाळेत ती नुसती आरोग्यशास्त्र शिकवायला उरली. तिचा एकदा फोन आला. "चूक माझी आहे, तुमची नाही," एवढंच म्हणून तिने ठेवून दिला.

उत्तराला हे गुरुदत्तने सांगितलं, जेवणाच्या टेबलावर, तिचे दोन्ही हात धरून. तिने सगळं ऐकून घेतलं. "जिलला कळलं?" तिने विचारलं. कळलं असणार, असं तो म्हणाला. त्यावर तिने मान हलवली.

जिल काही दिवसांनी आली. संध्याकाळची वेळ होती, वडिलांचा पिकअप ट्रक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून उभा होता. वसुधाने तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

"मी भांडायला नाही आले, मिसेस टेंबे," ती म्हणाली. "युटाचा काही दोष नाही, मला माहितेय. हे सांगायला आले."

उत्तरा आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. जिलने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पायपुसण्यावर नेली.

"त्या युनिव्हर्सिटीच्या माणसाने कळवलंय की आता जागा भरल्या. बाबा म्हणतात, ठीक आहे, काऊंटीच्या गोदामात नोकरी आहेच." ती थोडी थांबली. "बाबांनी सांगितलंय की आता इकडे येऊ नकोस. पुन्हा काही व्हायला नको म्हणून. माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी संघात येणार आहे."

उत्तराने तोंड उघडलं. वसुधाला तिचा श्वास आत जाताना ऐकू आला, ओठ हलताना दिसले. शब्द आला नाही. जिल वाट बघत राहिली, तिच्या परीने बरीच वाट बघितली. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि ती निघून गेली.

त्या रात्रीपासून उत्तरा घरातही कमी बोलू लागली. आधी वाक्यं गेली, मग नुसतं हो-नाही राहिलं. मुली आता दुसऱ्या रस्त्याने पळायच्या. कॅनव्हासचे बूट गॅरेजच्या दाराशी होते, त्यांच्यावर कोरडा चिखल तसाच होता. वसुधाने ते धुवायला घेतले, आणि मग उत्तराला काय वाटेल म्हणून परत ठेवून दिले.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, मिस्टर हॉलवे घरी आले. कोट न काढता ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"बोर्डाने तुमच्या परवानगीचा विषय पुन्हा घेतला," ते म्हणाले. "जानेवारीपासून ती मागे घेतलीय. मी वर्ष पूर्ण होऊ द्या म्हणून सांगून पाहिलं. पण झाल्या प्रकाराने लोक चिडलेत, आणि मुलगी घरी शिकते म्हणून तिच्या प्रगतीवर नीट लक्ष नाही, असं त्यांना वाटतं."

"तिची प्रगती बघायचीय?" वसुधाने विचारलं. तिने टेबलावरच्या वह्या त्यांच्यापुढे सरकवल्या. "बघा. कॉलेजचं गणित करतेय ती."

हॉलवेंनी वह्यांकडे पाहिलं नाही. "ती माझ्याशी दोन शब्द बोलेल का?" त्यांनी हळूच विचारलं. "मी तसं जाऊन सांगू शकेन बोर्डाला."

वसुधाने उत्तराला हाक मारली. उत्तरा आली, समोर बसली. हॉलवेंनी तिला काय वाचतेस म्हणून विचारलं, सुट्टीत कुठे गेली होतीस म्हणून विचारलं. वसुधा मनातल्या मनात तिला ढकलत होती, एक शब्द, कुठलाही एक शब्द. उत्तराचे खांदे कानांपाशी चढले. ती हॉलवेंच्या टायकडे बघत बसून राहिली. शेवटी ते उठले, तिला 'थँक यू' म्हणाले आणि गेले.

गुरुदत्तने होतं नव्हतं ते करून पाहिलं. शेजारच्या डिस्ट्रिक्टला फोन केला. आधी राहायला या, मुलीचं नाव घाला, मग बघू, असं उत्तर मिळालं. डब्लिनला दोन घरं पाहून आला. हॅरिस क्रॉसिंगचं घर विकायला काढलं तर ऐन थंडीत बघायलाही कुणी फिरकेना. श्रीरंगच्या लॉयरने सांगितलं की जानेवारीत मुलीला शाळेत पाठवलं नाही तर आईबापांवर केस होईल, आणि तसं काही झालं तर सिटिझनशिपचं विसरा. "शाळाच आहे शेवटी, तुरुंग तर नाही," रेखा फोनवर समजुतीने म्हणाली. वसुधाने हो हो म्हणून फोन ठेवला.

जानेवारीत वसुधाने स्वतः गाडी चालवत उत्तराला शाळेत सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. शाळेच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा वसुधाला काहीतरी बोलायचं होतं, धीराचं, आईने बोलावं असं. "डब्यात पराठे दिलेत," एवढंच तिच्या तोंडून आलं. उत्तराने बॅग उचलली आणि आत गेली. तिला स्पेशल क्लासमध्येच बसवलं. तिथल्या बाई भल्या होत्या, कधी आवाज चढवत नव्हत्या, आणि उत्तरा दिवसभर भिंतीकडे बघत बसली तर तेही चालवून घेत होत्या. केसलर आणि उत्तराची गाठ कधी कॉरिडॉरमध्ये पडायची. केसलर दुसरीकडे बघायची, असं त्या बाईंनीच वसुधाला सांगितलं. जिल त्या वेळेस शेवटच्या वर्षाला होती. तिचीही गाठ पडत असणार.

संध्याकाळी घरी आल्यावर वसुधा तिला गणित घालायची. उत्तरा सोडवायची, अचूक, एक अक्षर न बोलता. वसुधा पुढ्यात बसून सगळं मोठ्याने समजावत राहायची, दोघींच्या वाटणीचं.

मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा शाळेतून फोन आला. केसलरच्या जागी आलेला नवा कोच होता, तरुण, उत्साही, या गावात नवखा.

"मिसेस टेंबे, स्प्रिंग ट्रॅकची टीम करतोय मी. उत्तराबद्दल ऐकलंय. आता ती पटावर आहे, त्यामुळे नियमाचा काही प्रॉब्लेम नाही, मी चेक केलंय. मैलाच्या शर्यतीला मला अशीच मुलगी हवी होती. तिला सोमवारी पाठवाल ना?"

विचारून सांगते, असं वसुधा म्हणाली. तिने फोन ठेवला. मग जेवणाच्या टेबलाशी गेली. उत्तरा तिथे वही उघडून बसली होती.

"शाळेतून फोन होता," वसुधाने सांगितलं. "तुला टीममध्ये घेतायत. खरंखुरं. नंबर वगैरे सगळं मिळेल. कुणी काही म्हणू शकणार नाही आता."

उत्तराने वर पाहिलं. ती आपल्याला ऐकते आहे, समजते आहे, हे वसुधाला दिसलं. रागावली असती, रडली असती, तरी वसुधाला हायसं वाटलं असतं. उत्तराने सावकाश मान हलवली, नाही म्हणून, आणि पेन्सिल उचलून पुढचं गणित उतरवून घेऊ लागली.

गुरुदत्त दारात उभा होता. त्याने कोट काढला नव्हता. "काय सांगू त्यांना?" वसुधाने त्याला विचारलं.

तो मुलीच्या पाठीकडे बघत राहिला. "सांग, ती पळत नाही म्हणून," तो म्हणाला.

वसुधाने पुन्हा फोन उचलला.